इलिनॉयमधले सिकाडे : बाबांबरोबर दक्षिणेकडून उत्तरेकडे

२०२१ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टनला ब्रूड दहाचे (ब्रूड म्हणजे ठरावीक वर्षांनी एकाच वेळी बाहेर येणारा गट) सिकाडे बघितले, सतरा वर्षं जमिनीखाली राहून वर आलेले, आणि तेव्हापासून मला या किड्यांचा नादच लागला. काती गोळा करायच्या, मेलेले चांगल्या अवस्थेतले सिकाडे पिनेवर लावून ठेवायचे, आवाज रेकॉर्ड करायचे आणि रात्री हेडफोन लावून ऐकत बसायचं. त्यामुळे २०२४ ची वाट मी तेव्हापासूनच बघत होते, कारण या वर्षी इलिनॉय राज्यात दोन ब्रूड एकाच उन्हाळ्यात येणार होते, उत्तरेला ब्रूड तेरा आणि दक्षिणेला ब्रूड एकोणीस.

इथे आकड्यांचा घोळ होतो म्हणून आधीच सांगते. ब्रूड तेरा हे तेरा वर्षांनी येत नाहीत, ते सतरा वर्षांनी येतात. तेरा वर्षांनी येतात ते ब्रूड एकोणीसवाले. चार्ल्स मारलॅट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १८९० च्या दशकात हे नंबर दिले, सतरावाल्यांना एक ते सतरा आणि तेरावाल्यांना अठरापासून पुढे, बस एवढंच. आता १३ गुणिले १७ म्हणजे २२१, म्हणून या दोन ब्रूडची गाठ याआधी पडली होती १८०३ मध्ये आणि यानंतर पडेल २२४५ मध्ये. हे गणित बाबांना फोनवर सांगितलं तेव्हाच ते म्हणाले, मी मेमध्ये तिकडे येतोच आहे तर आपण जाऊया.

बाबा भूगोलाचे शिक्षक होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण प्रवासाला निघताना वही-पेन्सिल अजून खिशात असते. आईने मात्र किडे बघायला विमानाने जायला साफ नकार दिला आणि ती दादाकडे थांबली.

प्लॅन मुद्दाम असा केला की दक्षिणेकडून सुरुवात करून उत्तरेला जायचं. दक्षिणेला जमीन लवकर तापते त्यामुळे तिकडे सिकाडे मेच्या सुरुवातीलाच बाहेर येतात, शिकागोकडे दोन-अडीच आठवडे उशिरा. म्हणजे मेच्या शेवटी दक्षिणेला त्यांचं आयुष्य संपत आलेलं असतं, मध्ये ऐन भरात आणि उत्तरेला अजून थोडे जमिनीतून निघत असतात. एकाच आठवड्यात त्यांचं सगळं आयुष्य बघायला मिळतं, फक्त उलट्या क्रमाने.

गुरुवार, ३० मे : मकांडा

सेंट लुईसला उतरलो, गाडी घेतली, मिसिसिपी ओलांडली आणि दोन तासांत दक्षिण इलिनॉयच्या डोंगराळ भागात पोचलो. इलिनॉय म्हणजे सपाट मक्याची शेतं असंच मला वाटायचं, पण हा भाग वेगळाच आहे, चढउतार, ओकची दाट झाडी आणि वालुकाश्माचे कडे. मुक्काम मकांडा गावाजवळच्या जायंट सिटी स्टेट पार्कमध्ये. पार्किंगमध्ये गाडी बंद केली, दार उघडलं आणि बाबा म्हणाले, "लांब कुठेतरी पिठाची गिरणी चालू आहे बघ."

तीच ती! हजारो नर एका सुरात गातात तेव्हा एकेकट्याचा आवाज हरवून जातो आणि सगळ्या डोंगरातून एक सलग घुमणारा सूर येतो. मी तशीच उभी राहिले, सामान वगैरे काढायचं सुचलंच नाही.

संध्याकाळी कड्यांच्या मधून जाणाऱ्या पायवाटेवर गेलो. दोन्ही बाजूला उंच उभे दगड आणि मधून गल्लीसारखी वाट, त्यावरूनच या जागेला जायंट सिटी हे नाव पडलंय. वाटेवर नुसते पंख पडलेले, नारिंगी शिरांचे, पारदर्शक, कारण पक्षी पोट तेवढं खातात आणि पंख टाकून देतात. झाडांच्या बुंध्याशी मेलेल्यांचे ढीग होते आणि त्यांना वासही यायला लागला होता, कुजका, जरा गोडसर. फोटो बघून याची कल्पना येत नाही.

तिथेच एक सिकाडा दिसला जो व्यवस्थित चालत होता पण त्याच्या पोटाचा मागचा भागच नव्हता. त्या जागी पांढरी भुकटी भरलेली. ही मॅसोस्पोरा नावाची बुरशी. जमिनीतून वर येतानाच तिचे बीजाणू लागतात, पोट पोखरलं जातं, शेपटाकडचा भाग गळून पडतो आणि तरीही किडा चालतो, उडतो, जोडीदार शोधत फिरतो आणि जाईल तिथे बीजाणू सांडत जातो. या बुरशीत कॅथिनोन हे अॅम्फेटामिनच्या जातीचं उत्तेजक द्रव्य सापडल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. आणि आणखी विलक्षण म्हणजे लागण झालेले काही नर माद्यांसारखे पंख फडकवतात, त्यामुळे दुसरे नर जवळ येतात आणि त्यांनाही लागण होते. बाबा बराच वेळ वाकून बघत होते, मग म्हणाले, "हे मी शाळेत शिकवलं असतं तर पोरांनी विश्वास ठेवला नसता."

वाटेत एक बाई भेटल्या, जवळच्याच गावातल्या, जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. दोन शिक्षक भेटल्यावर जे होतं तेच झालं, अर्धा तास गप्पा. त्या सांगत होत्या की या भागात २०१७ च्या ऑगस्टमध्ये खग्रास सूर्यग्रहण झालं, परत यंदा ८ एप्रिलला झालं, आणि मग महिन्याभरात हे सिकाडे आले. २०११ चे सिकाडे त्यांनी वर्गातल्या मुलांना दाखवले होते, ती मुलं आता आपापल्या मुलांना घेऊन येतायत. त्यांनीच बजावलं की अंधारात झाडाच्या बुंध्याशी हात घालू नका, कॉपरहेड साप सिकाडे खायला तिथे येतात.

रात्री लॉजमध्ये जेवलो. १९३० च्या दशकातली दगडी-लाकडी इमारत आहे आणि तळलेल्या चिकनसाठी प्रसिद्ध, मोठाल्या ताटांतून सगळं टेबलावर आणून ठेवतात. बाबांचा गुरुवार. मग त्यांनी कुस्करलेले बटाटे, मका, कोलस्लॉ आणि गरम बिस्किटं (म्हणजे आपली चहाची नव्हेत, मऊ पाव असतो तो) यावर आनंदाने जेवण केलं. चिकन अप्रतिम होतं.

*टीप : दक्षिण इलिनॉयच्या जंगलात गोचिडी भरपूर. लांब पँट, मोज्यात खोचलेली, फिकट रंगाची म्हणजे चढलेली दिसते, आणि परत आल्यावर गुडघ्यामागे, कमरेला, केसांत नीट तपासायचं. हे टाळू नका.*

शुक्रवार, ३१ मे : दोन सूर, मग पाऊस

सकाळी ऊन चढल्याशिवाय सिकाडे गात नाहीत त्यामुळे आरामात उठायला हरकत नाही. आम्ही मात्र लवकर जाऊन कॉफीचा थर्मास घेऊन एका उंच ओकखाली बसलो, सुरुवात कशी होते ते ऐकायला. आधी एक नर, मग दोन, मग शेजारचं झाड, आणि बघता बघता सगळी दरी.

या जागेसाठी मी एवढ्या लांब आले त्याचं कारण म्हणजे इथे दोन भावंड-जाती शेजारी शेजारी गातात, ट्रेडेसिम आणि निओट्रेडेसिम. दोघांचं गाणं एकाच घाटाचं, "फेssssरो" असं, लांब सूर आणि शेवटी खाली घसरणारा. ट्रेडेसिमचा सूर खालचा, साधारण १.१ किलोहर्ट्झ. निओट्रेडेसिमचा एरवी १.४ च्या आसपास असतो, पण जिथे या दोन जाती एकत्र राहतात तिथे तो आपली पट्टी आणखी चढवतो, १.७ पर्यंत, म्हणजे माद्यांचा गोंधळ होऊ नये. आणि ही जात वेगळी आहे हे शास्त्रज्ञांनी लिहिलं कधी, तर २००० साली! तोपर्यंत दोघांना एकच समजत होते. केवळ नीट कान देऊन ऐकल्यामुळे एक नवी जात सापडली, मला या छंदातली ही सगळ्यात आवडती गोष्ट वाटते.

दोन्ही सूर एकदा कानात बसले की सुटे ऐकू यायला लागतात. बाबांना मी हाताने दाखवत होते, आता खालचा, आता वरचा, आणि त्यांना ते लगेच कळलं, कानाचं यंत्र काढून ठेवलं तरी कळत होतं. त्यावरूनच गावाचा विषय निघाला. आमचं गाव राजापूरजवळ, लहानपणी मे महिन्यात मागच्या रानात किर्र इतकी चालायची की ओटीवर बोललेलं पडवीत ऐकू जायचं नाही. बाबा म्हणाले, "आता गावी ते किडे राहिलेच नाहीत. गेल्या काही वर्षांत एकदम बंद झाले, आंब्याला मारतात त्या फवाऱ्याने मेले असणार." मी काही बोलले नाही, वाईट वाटलं तेवढं.

दहा-अकराच्या सुमाराला माद्या अंडी घालताना दिसल्या. पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी त्यांना लागते, पोटाखालच्या सुईसारख्या अवयवाने त्या सालीत ओळीने चिरा पाडतात आणि प्रत्येक चिरेत वीसेक अंडी ठेवतात, सगळी मिळून एकेक मादी पाचशेच्या आसपास. सहा ते दहा आठवड्यांत तांदळाच्या दाण्याहूनही लहान पिल्लं निघून खाली पडतात, जमिनीत शिरतात आणि मुळांतला रस पीत बसतात ते थेट २०३७ पर्यंत. बाबांनी वहीत २०३७ लिहून त्याला चौकट केली.

आणखी एक, झाडाखाली उभं राहिलं की बारीक शिंतोडे अंगावर येतात. तो पाऊस नाही, सिकाड्यांची लघवी आहे. मुळातला आणि खोडातला पातळ रस एवढा प्यावा लागतो की पाणी सतत बाहेर टाकावंच लागतं आणि ते चिळकांडीने टाकतात, यावर यंदाच मार्चमध्ये एक अभ्यासही प्रसिद्ध झालाय. नुसतं पाणीच असतं जवळजवळ, टोपी घाला म्हणजे झालं.

दुपारी ढग दाटले आणि जो पाऊस आला! पहिल्या थेंबांबरोबर सगळा डोंगर गप्प. आम्ही पण गाडीत बसलो आणि स्प्रिंगफील्डकडे निघालो.

शनिवार, १ जून : स्प्रिंगफील्ड

पाऊस रात्रीच गेला होता, सकाळी लख्ख ऊन. स्प्रिंगफील्ड ही राज्याची राजधानी आणि लिंकनचं गाव, लिंकनचं घर, थडगं सगळं इथेच आहे. बाबांना ते बघायचंच होतं म्हणून सकाळ तिकडे दिली, घराच्या समोरच्या झाडावरही कोरस चालू होताच. १८०३ मध्ये हे दोन ब्रूड एकत्र आले तेव्हा लिंकन जन्मालाही यायचे होते, १८०९ चा जन्म त्यांचा.

मग लेक स्प्रिंगफील्डच्या काठावरच्या लिंकन मेमोरियल गार्डनला गेलो. जेन्स जेन्सन या लँडस्केप आर्किटेक्टने आखलेली बाग आहे, बाग म्हणजे खरं तर झाडी आणि मोकळे गवताळ पट्टे, आणि मध्ये मध्ये दगडी बाकांच्या गोल बैठका. इथे सिकाडे ऐन भरात. प्रत्येक पानावर, देठावर, माझ्या पाठीवर, बाबांच्या टोपीवर, बसलेले. चावत नाहीत, डंख नाही, फक्त पायाच्या नख्या बारीक टोचतात.

दोन ब्रूडच्या सीमा स्प्रिंगफील्डच्या आसपास एकमेकींना टेकतात, आणि गोळा करणाऱ्यांची खरी पंचाईत इथेच आहे. तेरावाला निओट्रेडेसिम आणि सतरावाला सेप्टेंडेसिम दिसायला सारखे आणि गाणंही सारखंच. एरवी वर्षावरून सांगता येतं, हा २०११ मध्ये सापडला म्हणजे तेरावाला, २००७ मध्ये सापडला म्हणजे सतरावाला. या वर्षी दोघेही आलेत त्यामुळे तोही पुरावा गेला. जागेवरून अंदाज करायचा, बस. म्हणून लेबलवर जागा अगदी काटेकोर लिहायची, "स्प्रिंगफील्ड" एवढं चालणार नाही, कुठलं झाड, कुठला रस्ता, अक्षांश-रेखांश. लेबल नसलेला सिकाडा म्हणजे शोभेची वस्तू.

दुपारी दोननंतर कॅसिनी गटाचे सिकाडे जोरात आले. हे आकाराने लहान, पोट खालून पूर्ण काळं, आणि गाणं अगदी वेगळं, आधी टिकटिक-टिकटिक आणि मग सळसळणारा चढता झोत. दुपारच्या उन्हात झाडभर नर एकदम सुरू होतात, एकदम थांबतात, परत सुरू, लाटांसारखं. फोनवरचं मीटर नव्वद डेसिबलच्या आसपास दाखवत होतं. मी अक्षरशः ओरडून बाबांना म्हटलं, "बाबा ऐका ऐका, हे नवीन!"

बाबा म्हणाले, "कुठलं? तेच तर चाललंय सकाळपासून."

मला वाटलं लक्ष नसेल. हाताच्या अंतरावर एक कॅसिनी बसला होता, तो दाखवला. नराच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना टिंबल म्हणून बरगड्यांचे पातळ पडदे असतात, आतला स्नायू ते सेकंदाला शेकडो वेळा आत-बाहेर करतो आणि पोकळ पोटात तो आवाज घुमतो, त्यामुळे गाताना पोट थरथरतं ते डोळ्यांना दिसतं. बाबा चष्मा वर करून अगदी जवळून बघत होते. "पोट हलतंय," ते म्हणाले, "पण आवाज नाही करत."

मग मी फोनवर स्पेक्ट्रोग्रॅम उघडला, आवाजाची पट्टी चित्रात दाखवणारी साधी फुकट अॅपं मिळतात. खाली एक किलोहर्ट्झच्या जरा वर एक झगझगीत रेघ, ती सेप्टेंडेसिम-निओट्रेडेसिमवाल्यांची, आणि वर पाच-सहा किलोहर्ट्झजवळ रुंद पट्टा, तो कॅसिनींचा. मी बोट ठेवून सांगितलं. बाबांनी दोन्ही यंत्रं काढली, परत घातली, रेघेकडे बघितलं, पट्ट्याकडे बघितलं. वय झालं की आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. खालची रेघ बाबांना स्वच्छ ऐकू येत होती, वरचा सगळा पट्टा त्यांच्यासाठी नव्हताच. आणि जगातल्या बहुतेक सिकाड्यांचं गाणं असतं ते वरच्या पट्टीतलं, खालच्या सुरात गाणारे हे डेसिमवाले, म्हणजे ट्रेडेसिम, निओट्रेडेसिम, सेप्टेंडेसिम, त्याला अपवाद आहेत.

ते बाकावर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "मग गावचे?"

मला उत्तर देता येईना. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, फोनही करता येत नव्हता.

शेजारच्या बाकावर एक आजोबा बसले होते, त्यांनी आमचं स्पेक्ट्रोग्रॅम प्रकरण बघून विचारलं काय चाललंय. त्यांना सांगितलं तर त्यांनी स्वतःचं कानाचं यंत्र काढून दाखवलं आणि म्हणाले, "मलाही निम्मेच ऐकू येतात. १९९८ साली सगळे यायचे." मग दोघांनी मिळून ते अॅप बराच वेळ बघितलं, कुठल्या झाडावर काय चाललंय ते डोळ्यांनी वाचत. जाताना आजोबांनी ते अॅप स्वतःच्या फोनवर घेतलं, बाबांनीही.

संध्याकाळी हॉर्सशू खाल्लं, हा इथला खास पदार्थ, टोस्ट, त्यावर हॅमबर्गरची पॅटी नाहीतर चिकन, त्यावर फ्रेंच फ्राइजचा डोंगर आणि वरून चीज सॉस. एक मागवा आणि दोघांत खा, तरी उरतं.

*टीप : काही लोक सिकाडे खातातही. शंख-शिंपले, कोळंबी यांची अॅलर्जी असेल त्यांनी अजिबात खाऊ नयेत, तीच अॅलर्जी इथेही उठू शकते. आम्ही खाल्ले नाहीत.*

रविवार, २ जून : उत्तरेकडे

सकाळी उठल्या उठल्या बाबांनी गावी चुलतभावाच्या मुलाला फोन लावला, तिकडे संध्याकाळचे साडेसहा. "अरे, मागच्या रानात ते किडे ओरडतात का रे अजून?" स्पीकरवर होता, तो म्हणाला, "काका, काय सांगू, पाऊस लागेपर्यंत कान किटतात. आत्ता पण चालूच आहेत." बाबांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग आंब्याची, पावसाची चौकशी केली आणि फोन ठेवून वहीत पानभर काहीतरी लिहिलं. नाश्त्याला मात्र त्यांनी दोन वॅफल खाल्ले आणि दिवसभर एकदम खुशीत होते.

शिकागोचा रस्ता तीन-साडेतीन तासांचा, दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल मका, अजून घोट्याएवढा. काच खाली केली तर काहीच आवाज नाही. झाड नाही तर सिकाडा नाही, इतकं सरळ आहे. मध्येच एखादं जुनं शेतघर आणि त्याभोवती दहा-वीस जुनी झाडं आली की तेवढ्यापुरता सूर गाडीत शिरायचा आणि मागे पडायचा. शिकागोच्या उपनगरांतही तसंच. माझी मावसबहीण, ताई, पश्चिमेकडच्या उपनगरात जुन्या वस्तीत राहते, मोठाले ओक आणि मेपल, तिथे फुटपाथ काती आणि पंखांनी भरलेला. दोन मैलांवर नवीन कॉलनी आहे, ती बांधताना झाडं काढली, माती उपसली, तिथे एकही नाही. सतरा वर्षांपूर्वी जिथे झाड होतं आणि आजही आहे, तिथेच हे येणार.

शेजारच्या आजी भेटायला आल्या, त्यांच्याकडे काचेच्या बरण्या, १९९० आणि २००७ अशा चिठ्ठ्या लावलेल्या, आत काती. १९९० ची मुलीने जमवलेली, २००७ ची नातीने. यंदाची बरणी पणतू भरतोय. या मी हातात घेऊन बघितल्या, ३४ वर्षांची कात अजून अखंड, नख्यांसकट. कात म्हणजे कायटिन, ते कोरडं ठेवलं की टिकतं.

उत्तर इलिनॉयच्या ब्रूड तेराची गर्दी प्रसिद्ध आहे. १९५६ मध्ये डायबास आणि डेव्हिस यांनी शिकागोच्या दक्षिणेकडे रकून ग्रोव्ह नावाच्या जंगलात जमिनीतली भोकं मोजून एकरी १५ लाखांपर्यंत सिकाडे असल्याचं दाखवलं होतं. एवढ्या संख्येने एकदम यायचं कारण साधं आहे, पक्षी, खारी, साप सगळ्यांची पोटं भरली तरी उरले पाहिजेत.

रात्री अंधार पडल्यावर ताईच्या मागच्या अंगणात टॉर्च घेऊन बसलो. मुख्य लाट मेच्या मध्यानंतर येऊन गेली होती, आठ इंच खोलीवर जमीन ६४ फॅरनहाइट, म्हणजे १८ सेल्सियसपर्यंत तापली की ती येते. पण घराच्या उत्तरेला, जिथे सावली असते आणि माती थंड राहते, तिथे अजून उशिराचे निघत होते. भाची नऊ वर्षांची, तिने आधी बघितला. "मावशी, इकडे! आजोबा, हळू या!"

तपकिरी, चिखलाने माखलेला निम्फ, म्हणजे अजून पंख न फुटलेला सिकाडा, ओकच्या खोडावर चढला, हातभर वर जाऊन थांबला, नख्या रोवल्या. पाठीवर उभी चीर पडली. आतून पांढराशुभ्र किडा, लाल डोळे, डोक्यामागे दोन काळे ठिपके, मागे मागे कलत बाहेर आला, इतका कलला की पडेल असं वाटलं, मग पोट आकसून वर उसळला आणि कात धरून लटकला. पंख चुरगळलेले होते ते हळूहळू भरत गेले. तासभर तरी गेला असेल, ताईने थालीपीठं केली होती ती थंड झाली तरी कोणी उठलं नाही. २००७ मध्ये जन्मलेला हा किडा, तेव्हा ताईचं लग्नही झालं नव्हतं.

*टीप : टॉर्चवर लाल जिलेटिन लावा. निघत असलेल्या निम्फला हात लावू नका, पंख वाकडे राहतात आणि तो उडू शकत नाही.*

सोमवार, ३ जून : मॉर्टन आर्बोरेटम आणि चुटक्या

लाइल गावचं मॉर्टन आर्बोरेटम, म्हणजे झाडांचं मोठं उद्यान, जवळच होतं. कोवळ्या झाडांना सिकाड्यांनी अंडी घालू नयेत म्हणून ट्यूलची, म्हणजे जाळीच्या पातळ कापडाची, आवरणं घातली होती. मोठ्या झाडांना काही होत नाही, फांद्यांची टोकं वाळतात तेवढी.

सेप्टेंडेसिमचा नर "फेरो" म्हणून संपवतो, त्यानंतर मादीला तो पसंत असेल तर ती बरोब्बर क्षणभराने पंखांचा एक बारीक फटकारा मारते, तिला टिंबल नसतो. तो फटकारा ऐकला की नर तिच्याकडे चालत येतो. आणि चुटकीचा आवाज त्या फटकाऱ्याच्या इतका जवळचा असतो की वेळ साधली तर नर चुटकीलाही फसतो. भाचीला हे शिकवलं. सूर खाली घसरला की चुटकी, लगेच, उशीर नाही. पाच-सहा वेळा काहीच नाही, आणि मग एक नर वळला, दोन पावलं चालला, परत गायला, परत चुटकी, परत चालला, आणि शेवटी तिच्या मनगटावर येऊन गायला लागला. ती इतकी हरखली की श्वास रोखून उभी होती. मग बाबांनी पण करून बघितलं. त्यांना हे गाणं पूर्ण ऐकू येत असल्यामुळे वेळ अचूक साधली जात होती, माझ्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त नर आले.

तिथे बरेच जण निळ्या डोळ्यांचा सिकाडा शोधत होते. असतो खरा, पण फार दुर्मिळ, बहुतेक सगळ्यांचे डोळे लालच. त्याला हजारो डॉलर मिळतात ही मात्र अफवा आहे, तिच्यामागे लागू नका.

गोळा करण्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी : स्टेट पार्क, नेचर प्रिझर्व्ह, आर्बोरेटम इथून काहीही उचलायचं नाही, परवानगी लागते. मी माझे सगळे नमुने ताईच्या आणि शेजारच्या आजींच्या अंगणातून, विचारून घेतले. ताजा मेलेला घ्यायचा, डबीत घालून फ्रीझरमध्ये एक-दोन दिवस, मग दोन नंबरची कीटकांची पिन छातीत मध्यरेषेच्या जरा उजवीकडून, म्हणजे डावी बाजू पूर्ण शाबूत राहते. पंख पसरायचे असतील तर शरीर मऊ असतानाच. खाली लेबल, जागा, तारीख, कोणी गोळा केला. नर-मादी दोन्ही ठेवा, आणि पोटाची खालची बाजू दिसेल असा एक तरी, कारण जाती ओळखायच्या त्या तिथल्याच नारिंगी पट्ट्यांवरून. प्रत्येकाबरोबर त्याच झाडावरचं रेकॉर्डिंग असेल तर उत्तम. फोटो सिकाडा सफारी अॅपवर टाका, माउंट सेंट जोसेफ युनिव्हर्सिटीच्या जीन क्रिट्स्की यांच्या पुढाकाराने ते सुरू झालं आणि सामान्य लोकांच्या फोटोंवरूनच ब्रूडचे नकाशे सुधारले जातात. सिकाडा *नाही* दिसला तर तेही स्वतःच्या वहीत लिहून ठेवा, सीमा त्यावरूनच कळते.

संध्याकाळच्या विमानाने परत. पुढच्या वर्षी, २०२५ ला, ब्रूड चौदा येणार होता, सतरावाला, केंटकी, टेनेसी, ओहायोपासून मॅसॅच्युसेट्सच्या केप कॉडपर्यंत. केंटकीला मेच्या मध्यापासून, केप कॉडला जूनमध्ये, म्हणजे परत दक्षिणेकडून उत्तरेकडे जाता येणार होतं. बाबांनी विमानातच विचारलं की तिकीट कुठल्या तारखेचं काढू. त्याआधी एप्रिलमध्ये ते गावी जाणार होते, फोनवरचं अॅप घेऊन मागच्या रानात बसायला, आणि रेकॉर्डिंग मला पाठवणार होते.